शेजारच्या दोन खुर्च्या

जुन्या संगीत नाटक मंडळ्यांची हँडबिलं चाळताना नाटकाच्या नावापेक्षा खाली छापलेले तिकिटांचे दर जास्त बोलके वाटतात. कोच, खुर्ची, बाक, पिट अशी पुरुषांची उतरंड असते. मग वेगळ्या ओळीत ‘स्त्रिया’. आणि पुष्कळदा त्याहूनही वेगळ्या ओळीत ‘कसबिणी’. म्हणजे एकाच घरातून, एकाच टांग्यातून आलेले नवरा-बायको थिएटरच्या दारात दोन वाटांनी जात आणि पहाटे पुन्हा दाराशीच एकमेकांना शोधत. मधले पाच-सहा तास दोघं एकच नाटक पाहत, पण बरोबर पाहत नसत.

आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एखादं जोडपं तिकिटावरचे लागोपाठचे दोन आकडे बघत आपली रांग शोधतं, तेव्हा त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण ही साधी गोष्ट घडायला मराठी समाजाला साठ-सत्तर वर्षं लागली. आपले नाट्येतिहास लिहिले गेले ते मंडळ्यांचे, नटांचे, नाटककारांचे. पडद्याच्या अलीकडे काय चाललं होतं, कोण कुठे बसलं होतं, कुणाशेजारी बसलं होतं, याकडे त्या मानानं लक्ष कमी गेलं. जोडीनं बसण्याचं श्रेय आपण सहसा स्त्रीशिक्षणाला आणि सुधारकांना देऊन मोकळे होतो. ते त्यांना द्यावंच. पण माझ्या मते तितकंच श्रेय घड्याळाला, विजेच्या दिव्याला आणि खुर्चीच्या पाठीवर रंगवलेल्या नंबराला द्यावं लागेल.

हे तपासायला नागपूर सोयीचं आहे. मुंबई-पुण्याहून निघालेली नाटकं इथे दौऱ्याच्या टोकाला पोहोचत, त्यामुळे तिकडचे बदल इथे थोडे उशिरा आणि म्हणूनच अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय या शहराच्या पूर्वेला, हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी झाडीपट्टीची रंगभूमी आहे. तिने याच प्रश्नाला स्वतःचं वेगळं उत्तर दिलं आहे. त्याकडे पुढे येऊ.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं ते राजाश्रयानं. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, तीच मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ करू लागली आणि मराठी प्रेक्षक हा पैसे मोजणारा प्राणी झाला. तो बहुतांशी पुरुष होता. घरंदाज बायका नाटकाला मोठ्या संख्येनं येऊ लागल्या त्या किर्लोस्करांच्या काळात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. आणि कालिदास आणि महाभारत पाहायला जाण्यात कमीपणा मानायचं कारण उरलं नाही. एक प्रकारे कीर्तनाला जाण्याइतकंच ते निर्धोक झालं. काही मंडळ्या तर खास स्त्रियांसाठी वेगळे खेळ लावत.

पण ‘बायका नाटकाला येऊ लागल्या’ आणि ‘नवरा-बायको नाटकाला येऊ लागले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळची बाई नाटकाला जायची ती नवऱ्याबरोबर नव्हे, घराबरोबर. सासू, जावा, नणंदा, शेजारपाजारच्या दोघीतिघी, कडेवरची आणि बोटाला धरलेली मुलं. नवरा आधीच पुढे गेलेला असे किंवा मित्रांबरोबर परस्पर येत असे. वडीलधाऱ्यांसमोर दिवसाउजेडी बायकोशी बोलणंही जिथे संकोचाचं, तिथे चारचौघांत तिच्या शेजारी रात्रभर बसणं कोण करणार? रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचल्या तर हे पुरतं कळतं. पती न्यायमूर्ती, घरात सुधारणेचं वारं, आणि तरी इंग्रजी शिकण्यावरून आणि सभांना जाण्यावरून घरातल्या वडील बायकांचा रोष त्यांना सोसावा लागला. सभेची ही कथा, तर नाटकाची काय?

वाड्यात ओसरी पुरुषांची आणि माजघर बायकांचं असतं. जुन्या थिएटरनं हाच नकाशा उचलला होता. खालची जागा म्हणजे ओसरी. वरची गॅलरी किंवा बाजूची चिकाच्या पडद्याआडची जागा म्हणजे माजघर. हे कुणी ठरवून केलं असं नव्हे. घर जसं बसायची सवय होती तसंच ते थिएटरात बसलं.

आणि वेळ हा फार मोठा मुद्दा होता. खेळ रात्री नऊच्या सुमारास सुरू व्हायचा आणि ‘वन्स मोअर’ घेत घेत तीन-चार वाजेपर्यंत, कधी थेट उजाडेपर्यंत चालायचा. आज आपण ‘नाटकाची संध्याकाळ’ म्हणतो ती तेव्हा नव्हतीच; होती ती नाटकाची रात्र. रात्रभर घराबाहेर राहायचं तर सगळं घरच हलवावं लागे. मुलं वळकटीवर निजवायची, दुधाची बाटली आणि फराळाचा डबा बरोबर घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुरुषांनी कचेरीत पेंगायचं आणि बायकांनी चुलीसमोर. दोघांनीच उठून जावं अशी ही गोष्ट रचनेनंच नव्हती.

नागपूरला नाटक आलं ते आगगाडीनं. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालेल्या या गावात १८६७ साली रेल्वे पोहोचली, १८७७ च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली. कचेऱ्यांतले कारकून, वकील, शिक्षक, मिलवाले, व्यापारी असा पगारदार आणि पैसेवाला प्रेक्षक इथे तयार झाला. वऱ्हाडात हिवाळ्यात कापूस विकून हाती पैसा खेळत असे. त्यामुळे नेपथ्याच्या पेट्या, ऑर्गन, आचारी आणि शंभरेक माणसं घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना वऱ्हाड-नागपूरचा दौरा परवडत असे.

या मातीचा मराठी नाटकाशी आणखी एक हळवा संबंध आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले ते नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला, भावाच्या घरी. त्यानंतर महिन्याभरातच बडोद्याला गंधर्व मंडळीनं त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. मराठीत नवरा-बायकोच्या संसारावरचं इतकं जिव्हारी लागणारं नाटक त्याआधी नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं गावोगाव त्याचे प्रयोग झाले, सिंधूच्या हालांनी बायका वर रडल्या, पुरुष खाली डोळे पुसत राहिले. पण रडणारी बायको त्या क्षणी नवऱ्याला दिसली नाही, आणि अस्वस्थ झालेला नवरा बायकोला दिसला नाही. सुधाकराच्या पेल्याविषयी घरी गेल्यावर काही बोलणं झालं असेल तर ते झालं असेल. नाटकगृहात ते शक्य नव्हतं.

बालगंधर्वांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडत होती. वरच्या बायका त्यांचं लुगडं नेसणं, अंबाड्यातली वेणी, दागिन्यांची निवड नीट पाहून घेत आणि घरी जाऊन तसं करून बघत. खालचे पुरुष त्याच रूपात आदर्श गृहिणी पाहत. बायको कशी असावी याचा धडा दोन्ही मजल्यांना एक पुरुष देत होता, आणि दोन्ही मजले तो वेगवेगळा शिकत होते.

आता त्या तिसऱ्या ओळीविषयी, ‘कसबिणीं’विषयी लिहिलं पाहिजे, कारण जोडप्यांच्या या सुखद इतिहासाची किंमत तिथे मोजली गेली आहे. गाणं समजणाऱ्या, गाणं जगवणाऱ्या बायका त्या काळात मुख्यतः नायकिणी, कलावंतिणी यांच्या घरांत होत्या. पुरुष गाणं ऐकायला त्यांच्या बैठकीला जात आणि बायकोला त्याची वार्ताही नसावी असा रिवाज होता. म्हणजे गाण्याची संध्याकाळ होती, पण तिच्यात लग्नाच्या बायकोला जागा नव्हती. घरंदाज स्त्रीला मैफलीत आणायचं तर मैफल कोठीतून बाहेर काढणं भाग होतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९७ मध्ये सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणं केलं आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी गाणं प्रार्थनेच्या, भजनाच्या, शाळेच्या वाटेनं मध्यमवर्गाच्या घरात नेलं. दुसऱ्या बाजूनं हिराबाई बडोदेकर आल्या. साधी, अंगभर साडी, हातवारे नाहीत, नजर खाली, आणि तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर बसून गायलेला खयाल. हिराबाईंच्या गाण्याला बायकोला बरोबर नेता येतं, हे मराठी नवऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं.

हे चांगलं झालं यात शंका नाही. पण यात ज्यांची बैठक मोडली, ज्यांना हँडबिलावर निदान वेगळी ओळ तरी होती, त्या बायका या नव्या सभागृहांत फारशा दिसत नाहीत. गायिका म्हणून त्यांच्यातल्या काही मोठ्या झाल्या. श्रोत्या म्हणून त्या कुठे गेल्या याची नोंद कुणी ठेवली नाही. घरंदाज बाईची खुर्ची त्यांच्या उठवलेल्या जागेवर मांडली गेली, असं म्हटलं तर ते कठोर वाटेल, पण मला ते खरं वाटतं.

दोघांना शेजारी आणण्याचं प्रत्यक्ष काम कुणी केलं असेल तर ते सिनेमानं. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला आणि दोन-चार वर्षांत नाटक मंडळ्यांचं कंबरडं मोडलं. अनेक नाट्यगृहांवर पडदे लागले. सिनेमातही आरंभी बायकांची जागा वेगळी असे. पण सिनेमा अडीच-तीन तासांत संपायचा, दिवसातून दोन-तीनदा असायचा आणि तो अंधारात पाहायचा होता. पूर्वी बत्त्यांच्या उजेडात प्रेक्षक एकमेकांना जवळजवळ नटांइतकेच स्पष्ट दिसत. विजेनं प्रेक्षागृह काळोखं करता येऊ लागलं, आणि ‘लोक काय म्हणतील’ यातले लोकच दिसेनासे झाले. शेजारी बसण्याचा संकोच निम्मा त्या अंधारानं घालवला.

नाटकानं हा धडा थोडा उशिरा, पण नीट घेतला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’नं मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या स्त्रियांनी केल्या. दोघी विवाहित, एकीचे पती केशवराव भोळे नाटकाचे संगीतकार, दुसरीचे श्री. वि. वर्तक नाटककार. म्हणजे प्रेक्षकांतली जोडपी सर्रास शेजारी बसण्याआधी रंगभूमीवरची जोडपी एकत्र काम करायला उभी राहिली होती. हे नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून बेतलेलं. लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अपेक्षा मुलीकडून केली जाते ती मुलाकडूनही का करू नये, हा त्यातला प्रश्न. शेजारी बसून पाहायला जरा अवघडच.

मग मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’नं रात्रीची संध्याकाळ केली. १९४२ च्या ‘कुलवधू’मध्ये पदं मोजकी, प्रवेश कमी, घर मध्यमवर्गीय, आणि खेळ रात्रभर न ताणता आटोपशीर. ज्योत्स्नाबाईंची भानुमती सिनेमात नाव कमावते, नवऱ्यापेक्षा मोठी होते आणि शेवटी घर सोडते. नाटक संपल्यावर शेवटची बस किंवा टांगा मिळण्याइतकी रात्र शिल्लक असे. परतीच्या त्या वाटेवर नवरा-बायको भानुमतीविषयी काय बोलले असतील याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

नागपुरात या सगळ्याची गोळाबेरीज पन्नास-साठच्या दशकांत झाली. सीताबर्डीला झाशी राणी चौकापाशी, विदर्भ साहित्य संघाच्या जागेत उभं राहिलेलं धनवटे रंगमंदिर हे या शहराच्या दोन पिढ्यांचं संध्याकाळी जाण्याचं ठिकाण होतं. आज तिथे ती वास्तू नाही, तिच्या जागी मोठं सांस्कृतिक संकुल आहे. पण जुने नागपूरकर अजूनही पत्ता सांगताना ‘धनवटेजवळ’ म्हणून जातात. याच काळात मुंबईला शिवाजी मंदिर आणि रवींद्र नाट्यमंदिर, पुण्याला १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर झालं. या सर्व नाट्यगृहांत एक साधी वस्तू होती: बुकिंगच्या खिडकीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला ‘प्लॅन’. त्यावर रांगा, चौकोन, चौकोनांत आकडे. खिडकीतला माणूस पेन्सिलीनं दोन लगतच्या चौकोनांवर फुल्या मारी. कोच, पिट, स्त्रिया ही विभागणी त्या फुल्यांनी गेली. समाजसुधारणेचा ठराव कुठेही झाला नाही. फक्त तिकीट विकण्याची पद्धत बदलली, आणि ‘दोन, शेजारचे’ असं म्हटलं की झालं.

मात्र हे ‘झालं’ सगळ्यांसाठी नव्हतं. त्यासाठी महिन्याचा पगार लागे, सासूनं मुलं सांभाळावी लागत किंवा वेगळं बिऱ्हाड लागे, आणि रामदासपेठ, धंतोली, धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत यायला सायकल किंवा पुढे स्कूटर लागे. नागपूरच्या हवेचाही यात हात आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कुणी सहसा बाहेर पडत नाही. वाळ्याच्या पडद्यांचे कूलर लावून सगळे आत. नाटकाचा खरा हंगाम दिवाळीपासून माघापर्यंतचा. त्यातच नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेनं स्वस्त तिकिटात रोज संध्याकाळी एक नवं नाटक, असा पंधरवडा दिला. स्वेटर-शाली घालून रोज येणारी ठरावीक जोडपी ही स्पर्धेच्या वातावरणाचाच भाग असत. हौशी संस्थांत स्त्रीपात्रांची चणचण कायम. त्यामुळे नट नवऱ्यानं बायकोला तालमीला ओढून आणलं आणि ती त्याच्यापेक्षा चांगली नटी निघाली, असंही होई.

या प्रेक्षागृहानं किती दूरवर परिणाम केला याचं एक उदाहरण सर्वज्ञात आहे. साठच्या दशकात एक तरुण नागपुरात सिनेमाला निघाला, तिकीट मिळालं नाही म्हणून नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो मी हरलो’, दिग्दर्शन विजया मेहतांचं. त्यानंतर त्यानं नाटक लिहायचं ठरवलं. हे महेश एलकुंचवार. सिनेमाच्या तिकिटाच्या टंचाईचे मराठी नाटकावर एवढे उपकार दुसरे नसतील.

त्याच नागपुरात पुरुषोत्तम दारव्हेकर ‘रंजन कला मंदिर’ची नाटकं बसवत होते. १९६७ मध्ये त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. वसंतराव जन्मानं मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे शिकले. आणि त्यांना वाढवलं ते सासर सोडून आलेल्या आईनं, एकटीनं. नागपूरकर जोडपी ज्या सभागृहात आज जोडीनं गाणं ऐकतात त्याला नाव ज्यांचं आहे, त्यांचं गाणं अशा एका मोडलेल्या संसारातून आलं, हे तिथल्या खुर्चीत बसल्यावर मला दर वेळी आठवतं.

शेजारी बसल्यावर काय पाहिलं, हेही महत्त्वाचं. देवलांच्या ‘शारदे’पासून, म्हणजे १८९९ पासून, मराठी नाटकाचा हक्काचा विषय लग्न हाच आहे. ‘शारदा’ पाहणाऱ्यांत जरठ-कुमारी विवाहातल्याच काही बायका वर बसलेल्या असणार, आणि त्यांचे नवरे खाली, कदाचित कोचावर. पुढे तीच नाटकं एका रांगेत बसून पाहायची वेळ आली. १९७२ चं ‘सखाराम बाइंडर’ नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणाऱ्या माणसाचं. ते सेन्सॉरमध्ये अडकलं, कमलाकर सारंगांना न्यायालयात जावं लागलं. त्या वादात बायको-मुलींबरोबर हे पाहता येईल का, असा सूर होता. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बाईनं नाटकाला यावं का, असं विचारत. आता नाटकानं बाईसमोर काय बोलावं, असं विचारू लागले. प्रश्न बाईच्या नावानं विचारायचा आणि उत्तर पुरुषांनी द्यायचं, ही पद्धत मात्र तीच राहिली. १९९१ मध्ये प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ आलं तेव्हा अशी काळजी करणारे कमी झाले होते.

विदर्भातल्या प्रेक्षकाला सगळ्यांत जवळून लागलं असेल ते एलकुंचवारांचं १९८५ चं ‘वाडा चिरेबंदी’. त्यात वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालून बघते आणि भास्कर तिच्याकडे पाहतो, असा एक प्रसंग आहे. दिवसभर रांधणारी-वाढणारी बाई आणि कर्तेपणाच्या ओझ्याखाली करवादलेला पुरुष काही क्षण नुसते नवरा-बायको होतात. ज्या वाड्याच्या ओसरी-माजघरानं एकेकाळी थिएटरातही दोघांना वेगळं बसवलं होतं, तो वाडा आता रंगमंचावर ढासळत होता, आणि तो पाहणारे देशपांड्या-देशमुखांचे मुलगे आणि सुना खाली शेजारी शेजारी बसले होते.

आता झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे मंडळ्यांचं मुख्य ठाणं. नागपूरचे कितीतरी नट हंगामात तिकडे जातात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वर्तमानपत्रांना या रंगभूमीचं नाव पुन्हा एकदा आठवलं. इथे नाटक अजून रात्रीचंच आहे. नाटकासाठी लेकी-जावयांना बोलावणं जातं, घरं पाहुण्यांनी भरतात, बऱ्याच गावांत बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे बसतात, मुलं मध्येच झोपतात. आणि दिवसा, पाहुण्यांच्या गर्दीत, सोयरिकी जुळतात. झाडीपट्टीत नवरा-बायको नाटकाला एकत्र बसायला जातात असं क्वचितच. पण पुष्कळांचं लग्न ठरलं ते नाटकाच्या निमित्तानं. आपल्या शहरी नजरेला ही मागे राहिलेली पद्धत वाटते. मला तसं वाटत नाही. दोघांच्या संध्याकाळीत ज्यांना घरी ठेवावं लागतं, ती म्हातारी माणसं आणि मुलं, तिथे समोरच्या चटईवर असतात.

शहरातही खुर्चीबाहेरची एक मोठी रात्र होती. मिल कामगारांच्या वस्त्यांतली खडी गंमत आणि दंडार, आणि १९५६ च्या दीक्षेनंतर चौदा एप्रिलच्या आसपास वस्त्यावस्त्यांतून होणारे भीमगीतांचे, कव्वालीच्या मुकाबल्यांचे कार्यक्रम. रस्त्यावर सतरंज्या, सगळं घर हजर, तिकीट नाही. ‘प्लॅन’वरच्या फुल्यांचा इतिहास लिहिताना हा प्रेक्षक सुटतो, कारण त्याचा कागद कुठे राहिला नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे ध्वनिवर्धक बंद केले आणि रात्रभराच्या मैफली जवळपास संपल्या. गाणंही आता पुरतं संध्याकाळचं झालं. देशपांडे सभागृहात वसंतरावांच्या स्मृतिसमारोहाला जाणारी जोडपी साडेदहाला घरी असतात. दरबारी ऐकायचा तर तो जेवणाच्या वेळेला ऐकायचा, हे आपण निमूट स्वीकारलं आहे.

२०१७ मध्ये रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह झालं. प्रेक्षागृह भव्य, पण आपल्या शहरात तिकिटापेक्षा पासाची आवड मोठी. पासावर नंबर नसतो. मग दोघांपैकी एकानं तासभर आधी जायचं आणि एसटीत टाकतात तसा शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. हे काम बहुधा बायकोकडे येतं, आणि रुमालाच्या रक्षणार्थ चार अनोळखी माणसांशी वादही तीच घालते. आणि मध्येच मूल रडलं तर उठून बाहेर जाणारीही अजून बहुधा तीच. दुसरा अंक पुरा पाहतो तो नवरा. गोष्ट तो तिला घरी जाताना सांगतो.

करोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे थोडी उघडली, पुन्हा बंद झाली. २२ ऑक्टोबर २०२१ पासून ती निम्म्या क्षमतेनं सुरू झाली. निम्मी क्षमता म्हणजे एक खुर्ची सोडून एक. एकाच घरात राहणारे, एकाच स्कूटरवर आलेले नवरा-बायको मधली फुली मारलेली खुर्ची राखत, मास्क लावून बसले. काही जण दिवे गेल्यावर हळूच सरकून शेजारी बसत, आणि डोअरकीपर बॅटरीचा झोत टाकून त्यांना परत आपापल्या नंबरावर पाठवी.